तीन नळ्यांची जुनी बंदूक: वापरायची की विकायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून तीन नळ्यांची जर्मन बंदूक वारशाने आली आहे. वर शेजारीशेजारी दोन छर्ऱ्याच्या नळ्या, त्यांच्या खाली मधोमध रायफलची नळी. कारखान्याचं नाव कुठेच नाही. नळ्यांच्या बुडाशी सपाट भागावर मुकुटाच्या लहान खुणा, वर्तुळात 16, रायफलच्या नळीवर ‘8,7/72’ आणि बाजूला ‘8 29’. एक विक्रेता म्हणाला, भिंतीवर लावा. दुसरा म्हणाला, संग्राहक रांग लावतील. ही शिकारीला वापरता येईल का, आणि हिची किंमत काय धरायची?

दोन्ही विक्रेत्यांनी बंदूक न तपासताच उत्तर दिलेलं दिसतं. अशा जोडबंदुकीची, म्हणजे छर्रा आणि रायफल एकत्र असलेल्या बंदुकीची, किंमत नावावरून किंवा नक्षीवरून सुरू होत नाही. तिच्या वेगवेगळ्या नळ्या एकाच नेमावर, आज मिळू शकणाऱ्या काडतुसांनी मारा करतात का, इथून ती सुरू होते. वापराचा निर्णयही त्यावरच ठरतो. म्हणून दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकत्रच देतो. त्याआधी एक काम मात्र उरकून घ्या: वारशाने आलेलं शस्त्र तुमच्या परवान्यावर चढवून घ्या. ते होईपर्यंत बंदूक कपाटाबाहेर काढू नका.

आता खुणा वाचू. जर्मनीत बंदुकांच्या सक्तीच्या सरकारी चाचणीचा कायदा 1891चा. तुमच्या बंदुकीवरचे मुकुट हे त्या चाचणीचे शिक्के आहेत. मुकुटाखाली U असेल तर तपासणी झाली, G म्हणजे आत आटे, म्हणजे मळसूत्री खाचा, असलेली रायफलची नळी, S म्हणजे छर्ऱ्याची, W म्हणजे पुढे तोंडाशी आवळलेली, म्हणजेच चोक असलेली. तुमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा N. तो असेल तर ही बंदूक धूरविरहित दारूसाठी तपासलेली आहे. N नसेल तर आधुनिक काडतूस तिच्यात घालायचं नाही, मग ते कितीही सहज आत बसो. ‘8 29’ म्हणजे ऑगस्ट 1929, चाचणीचा महिना आणि साल. त्या काळात अशा बंदुका प्रामुख्याने झूल या जर्मन शहरात आणि त्याच्या आसपासच्या गावांत बनत. तिथे नळी एकाची, कळ दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा अशी पद्धत होती आणि तयार माल गावोगावच्या दुकानदारांकडे जाई. म्हणून नाव नसलेली बंदूक हलकीच असेल असं नाही. मी निनावी बंदुकांवर इतकं निगुतीचं काम पाहिलंय की नाव शोधत बसायची गरजच वाटली नाही.

‘8,7/72’ या आकड्यावर बरेच जण अडखळतात. तिथला स्वल्पविराम म्हणजे दशांश चिन्ह. आणि 8.7 मिलिमीटर हे गोळीचं माप नाही. नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यांमधलं ते अंतर आहे. गोळी त्याहून जाड असते, कारण ती आट्यांत रुतायची असते. 72 ही काडतुसाच्या पितळी कवचाची लांबी. म्हणजे तुमची नळी बहुधा 9.3 × 72 आर या काडतुसाची. यातला आर म्हणजे बुडाशी बाहेर आलेली कडा. मोडून उघडणाऱ्या बंदुकीत रिकामं काडतूस मागे ओढायला ही कडा फार उपयोगी पडते, म्हणून जोडबंदुकांत अशीच काडतुसं वापरतात.

‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. हे काडतूस काळ्या दारूच्या जमान्यातलं आहे. प्रमाणित माप ठरण्यापूर्वी त्याचे बरेच प्रकार निघाले होते आणि त्यांच्या चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, मापांत बारीक फरक असत. म्हणून जाणत्या बंदूक-कारागिराकडून चेंबरचा साचा घ्या. त्यासाठी कमी उष्णतेला वितळणारा खास धातू आत ओततात, तो गार झाला की हुबेहूब माप हातात येतं. त्याच वेळी मऊ शिशाचा गोळा नळीतून हलकेच ठोकत पुढे न्यायचा आणि आट्यांचा खरा व्यास मोजायचा. या दोन्ही कामांना फार वेळ लागत नाही आणि पुढची सगळी शंका मिटते. जुन्या 8 मिलिमीटर जर्मन नळ्यांच्या बाबतीत तर ही मोजणी जिवाशी संबंधित आहे. 8 × 57 आयआर आणि 8 × 57 आयआरएस ही नावं एका अक्षराने वेगळी आहेत. पण पहिल्यातली गोळी सुमारे 8.07 मिलिमीटरची, दुसऱ्यातली 8.22 ची आणि दाबही जास्त. अरुंद नळीत जाड गोळी घालण्याचा परिणाम काय होतो ते सांगायला नको.

छर्ऱ्याच्या नळ्यांतही असाच एक सापळा आहे. वर्तुळातला 16 म्हणजे सोळा बोअर, हे छर्ऱ्याच्या नळीच्या रुंदीचं माप. शेजारी लांबीचा आकडा नसेल तर त्या काळचं चेंबर 65 मिलिमीटरचं धरायचं. आज दुकानात सर्रास मिळतात ती 70 ची. 70 चं काडतूस 65 च्या चेंबरमध्ये आरामात बसतं, कारण लांबी मोजतात ती उडाल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची. बार होताना मात्र ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. तेव्हा 65 ची काडतुसं मागवा. काही जण चेंबर कोरून लांब करून घ्यायचा सल्ला देतील, तो ऐकू नका. भिंती पातळ होतात, पुन्हा चाचणी करून घ्यावी लागते आणि बंदुकीचं मूळपण जातं. पोलादी छर्रेही या नळ्यांत नकोत. युरोपीय संघात फेब्रुवारी 2023 पासून पाणथळ जागी आणि त्यांच्या आसपास शिशाच्या छर्ऱ्यांना बंदी आहे. तिथे अशा जुन्या बंदुकीत बिस्मथ धातूचा छर्रा वापरता येतो. तो महाग आहे, पण आवळलेल्या जुन्या नळीला पोलादापेक्षा पुष्कळ सौम्य.

मग शिकारीला ती चालेल का? चालेल, पण तिच्या मर्यादेत. जर्मन शिकार कायद्यात लहान रो हरणासाठी 100 मीटरवर गोळीची ऊर्जा किमान 1000 जूल असावी लागते. बाकीच्या खूरवाल्या जनावरांसाठी किमान 6.5 मिलिमीटर व्यास आणि 100 मीटरवर 2000 जूल. 9.3 × 72 आर नळीच्या तोंडाशीच 2000 च्या आसपास असतं, 100 मीटरवर पुष्कळ खाली येतं. म्हणजे रो हरीण चालेल, रानडुक्कर नाही. व्यास पाहून भुलू नका. ती जाड, संथ गोळी आहे, साठ-सत्तर मीटरच्या आतली. या मर्यादेत मात्र ती फार सभ्य आहे: धक्का कमी, आवाज कमी, मांसाची नासाडी कमी. नावात अगदी थोडा फरक असलेलं 9.3 × 74 आर हे वेगळंच जबरदस्त काडतूस आहे. दोघांची गल्लत करणारे विक्रेते भेटतात.

जोडबंदूक घेऊन रानात जाण्याचं कारण एकच, पुढे काय उठेल याचा भरवसा नसणं. मध्य युरोपातल्या शेत आणि जंगलाच्या मिश्र मुलखात एकाच सकाळी ससा, फेजंट पक्षी, कोल्हा आणि हरीण असं काहीही समोर येतं. त्यातूनच ही बंदूक जन्मली. दोन शस्त्रं खांद्यावर वागवायची नाहीत आणि संधी आली की योग्य नळी हाताशी हवी. सोळा बोअरची अशी बंदूक साधारण सव्वातीन किलोची असते. साध्या दुनळीपेक्षा थोडीच जड, आणि दिवसभर चालल्यावर तो हलकेपणा जाणवतो. मी उजव्या नळीत बारीक छर्रा ठेवतो, डाव्यात, म्हणजे जास्त आवळलेल्या नळीत, साडेतीन मिलिमीटरचा. छर्ऱ्याला पस्तीस मीटर ही हद्द, त्यापुढे रायफल.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. तुमच्या बंदुकीच्या दस्त्यावर, अंगठा पडतो त्या जागी, पुढेमागे सरकणारी एक कळ असेल. साध्या दुनळीत त्या जागी सुरक्षेचा खटका असतो. तीन नळ्यांच्या बहुतेक जर्मन बंदुकांत तिथे नळी निवडायची कळ असते आणि सुरक्षेचा खटका दस्त्याच्या डाव्या बाजूला असतो. कळ मागे असताना पुढचा चाप उजवी छर्ऱ्याची नळी उडवतो, मागचा चाप डावी. कळ पुढे ढकलली की नेम धरायची मागची पट्टी आपोआप उभी राहते आणि पुढचा चाप रायफलला जोडला जातो. आता दुनळीवर हात बसलेल्या माणसाची कल्पना करा. फेजंट उठतो, तो बंदूक खांद्याला लावतो आणि सवयीने अंगठा पुढे रेटतो. त्याच्या समजुतीत सुरक्षा निघाली, प्रत्यक्षात रायफल निवडली गेली. आकाशाच्या दिशेने गोळी सुटते. छर्रा किती लांब जातो याचा जर्मन शिकाऱ्यांचा ठोकताळा आहे: मिलिमीटरमधला व्यास गुणिले 100, तेवढे मीटर. साडेतीनचा छर्रा साडेतीनशे मीटर. रायफलची गोळी काही किलोमीटर जाते आणि पलीकडे कोण आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून काडतूस न घालता घरात या कळींचा सराव करा, हाताला नवी सवय लागेपर्यंत. उंचावर उडणारे पक्षी मारायचे असतील त्या दिवशी रायफलची नळी रिकामीच ठेवा. माझा हा नियम आहे आणि माझ्याबरोबर येणाऱ्यांनाही मी तो पाळायला लावतो.

पुढच्या चापाबद्दलही काळजी घ्या. तो बोटाने पुढे ढकलला की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो आणि त्यानंतर तो अगदी हलक्या स्पर्शाने सुटतो. रायफलने अचूक नेम साधायला ही सोय केलेली असते. नेम सावजावर स्थिरावल्याशिवाय चाप असा चढवायचा नाही. सावज निघून गेलं तर चढवलेल्या चापानिशी एक पाऊलही टाकायचं नाही. नळ्या सुरक्षित दिशेला धरून सुरक्षा लावायची, बंदूक मोडून काडतुसं काढायची आणि मगच चाप उतरवायचा. ओढा, कुंपण, मचाणाची शिडी आली की तिन्ही नळ्या रिकाम्या. दोन काढल्या आणि तिसरी विसरली, हा या जातीच्या बंदुकीचा नेहमीचा धोका आहे.

नेमाची परीक्षा घेताना घाई नको. तिन्ही नळ्या डाख देऊन एकमेकींना जोडलेल्या असतात. रायफलचा बार झाला की खालची नळी तापून लांबते, वरच्या दोन गारच असतात आणि तिला धरून ठेवतात. परिणामी सगळा जुडगा किंचित वर वाकतो आणि लगेच मारलेली दुसरी गोळी पहिलीच्या वर लागते, तिसरी आणखी वर. लोक हे पाहतात, नळी बाद झाली म्हणतात आणि पडेल भावात विकून टाकतात. प्रत्यक्षात शिकारीत महत्त्व असतं ते गार नळीच्या पहिल्या गोळीला. तेव्हा 50 मीटरवर टेकू देऊन एक गोळी मारा, बंदूक उघडून ठेवा, नळी हाताला पूर्ण गार लागेपर्यंत थांबा, मग दुसरी. अशा तीन गार गोळ्या तळहाताच्या आत लागल्या तर ही बंदूक काम करते. वेगळ्या वजनाची गोळी घातली की जागा बदलते, कारण नळ्या एकाच नेमावर आणण्याची जुळणी कारागिराने एका ठरावीक काडतुसावर केलेली असते. अलीकडच्या बऱ्याच बंदुकांत रायफलची नळी पुढे मोकळी सोडलेली असते. त्यांच्यात हा प्रश्न नाही.

यानंतर पस्तीस मीटरवर मोठा कागद लावून दोन्ही छर्ऱ्याच्या नळ्या एकेकदा उडवा. छर्ऱ्याच्या विखुरणीचा मध्य नेमाशी जुळतो का ते पाहा. डावी नळी डावीकडे आणि उजवी उजवीकडे फेकत असेल तर जुळणी बिघडलेली आहे. ती दुरुस्त करायची म्हणजे नळ्या सोडवून पुन्हा जोडायच्या आणि त्याचा खर्च निनावी बंदुकीच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो. छर्ऱ्याच्या नळीतून एकच जाड गोळी मारायची असेल, तर तिचीही वेगळी परीक्षा घ्या. त्या गोळीचा नेम बंदुकीगणिक बदलतो.

किमतीकडे येतो. मी बंदूक हातात घेतली की आधी नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करतो. बुडाच्या आकड्यात बोट अडकवून त्या लोंबत्या धरायच्या आणि लाकडी दांड्याने हलकेच ठोकायच्या. डाख शाबूत असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. बद्द, फाटका आवाज आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटली आहे आणि आत ओल शिरून गंज धरला असण्याची शक्यता आहे. मग नळ्या पुन्हा बसवून, पुढचा लाकडी भाग काढून, बंद बंदूक कानाजवळ हलवतो. सैलपणा जाणवला किंवा उजेडाकडे धरल्यावर नळ्या आणि मागचा ठोकळा यांत फट दिसली, तर भाव खाली. रायफलच्या नळीत चेंबरच्या पुढे उजेड टाकून पाहा. जुन्या काडतुसांच्या दारू पेटवणाऱ्या टोप्यांमधला क्षार नळी खातो आणि 1929 च्या बंदुकीत थोडे खड्डे असणारच. थोडे खपतात. आट्यांच्या कडा गोल झाल्या असतील तर नाही. दस्ता मनगटाजवळ, लोखंडाला भिडतो तिथे, चिरलेला आहे का ते पाहा. छर्ऱ्याच्या नळ्यांच्या भिंतींची जाडी मोजून घ्या. आत वारंवार घासून चकचकीत केलेली नळी दिसायला सुंदर असते आणि कागदासारखी पातळ असू शकते.

यानंतर मूळपण. पुन्हा काळा मुलामा चढवलेल्या नळ्या, घासून बोथट झालेली नक्षी, दुर्बिणीचा पाया काढून टाकल्यावर राहिलेली स्क्रूची भोकं, हे सगळं किंमत खाली आणतं. याउलट झूल पद्धतीचा, अडकवायच्या आकड्यांचा जुना दुर्बीण-पाया, तोही मूळ दुर्बिणीसह, असेल तर तो जपा. तो हाताने घासून बसवावा लागतो आणि आज नवा बसवून घ्यायला मोठी रक्कम मोजावी लागते. उजव्या छर्ऱ्याच्या नळीत घालायची लहान रायफलची जोडनळी बरोबर आली असेल, तर तिचीही वेगळी किंमत धरा. कपाटातल्या सगळ्या पिशव्या तपासा. अशा वस्तू वारसांच्या हातून सुट्या होऊन हरवतात.

बाजाराचं वास्तव मात्र कडू आहे. निनावी, सोळा बोअर, 9.3 × 72 आर अशी बंदूक जर्मन जुन्या बाजारात बहुधा काही शे युरोंतच जाते. नवी, नामवंत कारखान्याची घ्यायला गेलात तर आकडा हजारांत जातो. तरी जुनीला भाव नाही, कारण शिकारीच बदलली. शेतातले तितर, ससे कमी झाले. रात्रीच्या रानडुकरासाठी लोक आवाजरोधक आणि उष्णता टिपणारी दुर्बीण लावलेली एकनळी रायफल घेतात. तीन नळ्यांच्या बंदुकीवर त्यातलं काहीच नीट बसत नाही. तीच बंदूक 7 × 65 आर किंवा 9.3 × 74 आर मध्ये आणि 70 च्या चेंबरची असती, तर गिऱ्हाईक लवकर मिळालं असतं. जावर, क्रीगहोफ, मेर्केल, हाइम या कारखान्यांची नावं किंवा ऑस्ट्रियातल्या फेर्लाखचं हातकाम असेल, तर हिशेब वेगळा.

संग्राहक रांग लावतात ते एका विशिष्ट बंदुकीसाठी. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने वैमानिकांसाठी जावरकडून एम 30 ही तीन नळ्यांची बंदूक घेतली होती: बारा बोअरच्या दोन नळ्या, खाली 9.3 × 74 आर, आणि सगळं ॲल्युमिनियमच्या पेटीत. 1941-42 मध्ये अशा अडीच हजारांच्या आसपास बनल्या. पेटीसकट अस्सल नग मिळाला तर किंमत साध्या बंदुकीच्या कितीतरी पट येते. म्हणूनच साध्या एम 30 वर खोटे शिक्के मारून विकणारेही आहेत. विक्रेत्याने कदाचित ही गोष्ट ऐकून तुम्हाला आशा लावली असेल. तुमची बंदूक ती नाही. अमेरिकेतली सॅव्हेज 24 तर मुळात शेतकऱ्याची स्वस्त बंदूक, वर पॉइंट 22 ची रायफल, खाली छर्रा. उत्पादन थांबल्यावर तिला मागणी वाढली. तिचा आणि जर्मन कामाचा भाव एका मापाने काढता येत नाही.

तर तुमच्यासाठी माझा सल्ला: आधी साचा, आट्यांचं माप आणि नळ्यांची तपासणी. हे समाधानकारक निघालं तर 65 ची थोडी काडतुसं आणि 9.3 × 72 आर चा एकच प्रकार मिळवून कागदावर परीक्षा घ्या. जुळणी चांगली असेल तर विकू नका. काही शे युरोंत तुम्हाला तेवढं गुणी दुसरं हत्यार मिळणार नाही. रायफलची नळी खराब निघाली तरी छर्ऱ्याच्या नळ्या कदाचित वर्षानुवर्षं काम देतील, फक्त मग ती दुनळी समजून वापरा. विकायचंच ठरलं तर कारागिराचं तपासणीपत्र, चेंबरचं माप आणि गार नळीच्या तीन गोळ्यांचा तारीख घातलेला कागद बंदुकीबरोबर द्या. घासूनपुसून चकाकी आणू नका, स्क्रू सोडू नका. जाणता गिऱ्हाईक स्क्रूच्या खाचा आधी पाहतो, आणि त्या चेंबलेल्या दिसल्या की उरलेली बंदूक तो संशयानेच तपासतो.